आईच्या बटणाच्या फोनसाठी वर्षाचं रिचार्ज

आई पाटणजवळ गावी एकटी राहते. तिचा फोन बटणाचा, जुना टूजी. आपणहून ती आठवड्यातून फार तर दोनदा फोन लावते, एकदा मला आणि एकदा मावशीला. बाकी रात्री आठचा माझा फोन, आणि बँकेचे, गॅसचे मेसेज. एवढ्यासाठी दर 28 दिवसांनी 199 रुपये जात होते. 28 दिवसांच्या हिशेबात वर्षाचे बारा नाही, तेरा रिचार्ज होतात, म्हणजे 2587 रुपये! सोबतच्या नेटचा तिला काडीचा उपयोग नाही.

पैशांपेक्षा जिवाला लागली ती गेल्या पावसाळ्यातली एक रात्र. रिचार्जची तारीख माझ्या लक्षातून गेली. आधी आउटगोइंग गेलं, ते आईला कळलंच नाही. मग इनकमिंगही बंद. बाहेर धो धो पाऊस आणि आईचा फोन लागत नाही. शेवटी शेजारच्या काकूंना उठवून तिच्या घरी पाठवलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

त्यानंतर मी नीट शोधलं. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था. तिने डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलून कंपन्यांना नुसत्या कॉल आणि मेसेजचं रिचार्ज ठेवायला लावलं, आणि अशा रिचार्जची मुदत 90 वरून 365 दिवसांपर्यंत वाढवू दिली. त्यातलं एअरटेलचं 1849 रुपयांचं घेतलं: 365 दिवस, देशभर हवं तितकं बोलणं, 3600 मेसेज, नेट अजिबात नाही. जिओचं 1748 चं स्वस्त दिसतं, पण ते 336 दिवसांचं आहे. दिवसाला पडतात 5 रुपये 20 पैसे, एअरटेलचे 5 रुपये 7 पैसे. शिवाय जिओचं सिम टूजी फोनमध्ये चालत नाही, त्यामुळे आमचा प्रश्न तिथेच मिटला.

दुकानात मागताना ‘नुसतं कॉलिंगचं, वर्षाचं’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर नेटवालंच पुढे येतं. स्मार्टफोनवर पैसे पाठवणारं घरात कुणी असेल तर त्यांच्यासाठी हे घेऊ नका, वायफायशिवाय अडेल. आणि वीस रुपये शिल्लक ठेवली की झालं, असा मेसेज फिरतो त्यावर विसंबू नका. ती सोय नंबर रद्द होऊ नये एवढ्यापुरती आहे, फोन लागण्याशी तिचा संबंध नाही.

तरी मला 1849 जास्तच वाटतात. जी बाई आठवड्याला वीस मिनिटं बोलते, तिने दिवसभर बोलणाऱ्याएवढेच पैसे का भरावेत? पूर्वी दहा रुपयांचा टॉपअप महिनोन्‌महिने पुरायचा. बोलाल तेवढेच पैसे, आणि इनकमिंग वर्षभर चालू, असं काहीतरी गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी हवंच.

सध्या मात्र यापेक्षा बरं मला सापडलेलं नाही. मुदत संपायची तारीख आईने कालनिर्णयच्या मागे पेनाने लिहून ठेवलीय, आणि मी माझ्या फोनमध्ये तिच्या आठवडाभर आधीचा गजर लावलाय.