बारावीनंतर लॉ करायला युरोपात जायचं? इंग्लंड, आयर्लंड, नेदरलँड्स, जर्मनी, की आधी इथेच पाच वर्षं

हाड पुण्यात मोडलं काय आणि बर्लिनमध्ये मोडलं काय, प्लास्टर तेच. भाडेकरूचं भांडण मात्र दोन्हीकडे वेगळ्या कायद्याने सुटतं, त्यामुळे बारावीनंतर लॉसाठी युरोपात जाणं हे मेडिकल-इंजिनियरिंगसारखं नाहीये, ज्या देशाची डिग्री साधारण त्याच देशात वकिली. दरवर्षी निकालाच्या सुमारास आईवडिलांचे फोन येतात, लंडन बरं की हॉलंड बरं, फी किती, स्कॉलरशिप मिळते का, आणि मी उलट एकच विचारते की पोरगी तिशीत कुठल्या शहरात काम करत असेल असं तिला वाटतंय? त्याचं उत्तर नसेल तर फीची तुलना करून काही उपयोग नाही.

आधी परत यायचं असेल तर काय होतं ते सांगते, कारण कन्सल्टंट हा भाग पटकन गुंडाळतात. आपल्याकडे वकिलीची सनद अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ खाली मिळते आणि बार कौन्सिलला एकतर बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स लागतो, नाहीतर आधी पदवी आणि मग तीन वर्षांचा. बारावीनंतर थेट तीन वर्षांची इंग्लिश एलएलबी या दोन्हीत बसत नाही. म्हणजे आधी युनिव्हर्सिटी बार कौन्सिलच्या मान्य यादीत हवी, मग ती दोन वर्षं भरून काढायला ब्रिज कोर्स (हा गोव्यात, बार कौन्सिलच्याच ट्रस्टने काढलेल्या युनिव्हर्सिटीत होतो), मग परदेशी डिग्रीवाल्यांची क्वालिफाइंग परीक्षा, ज्यात राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी प्रक्रिया, कंपनी कायदा असं सगळं पुन्हा, आणि त्यावर एआयबीई, म्हणजे सगळ्या नव्या वकिलांना द्यावी लागणारी बारची परीक्षा. ब्रिज कोर्स केल्यावर परत परीक्षा कशाला यावरून पोरं कोर्टातही गेलीयेत. थोडक्यात तीन वर्षांत वकील होऊन येते म्हणून गेलेली मुलगी इथल्या पाचवाल्या मैत्रिणीच्या मागून कोर्टात उभी राहते, आणि तिला वाटणीपत्र, सातबारा, हिंदू वारसा कायदा यातलं काहीच शिकवलेलं नसतं.

आता इंग्लंड. इंग्लंड-वेल्सची एलएलबी तीन वर्षांची, करार, टॉर्ट (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीची भरपाई), फौजदारी, जमीन, ट्रस्ट, पब्लिक लॉ असे विषय, आणि पद्धत आपल्या ओळखीची कारण आपला कायदाच तिकडून आलाय. १९३२ ची ती जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय सापडल्याची केस (डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, खरं तर स्कॉटलंडमधल्या पेस्लीची) लंडनमध्येही पहिल्या वर्षाला आणि पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजलाही शिकवतात. वाचन मात्र भयंकर असतं, लेक्चर कमी आणि घरी जाऊन निकालपत्रं वाचा असा प्रकार, नोट्सवर पास होणाऱ्या पोरांना पहिली टर्म जड जाते. अ‍ॅडमिशनला ऑक्सफर्ड, केंब्रिज, एलएसई, यूसीएल, किंग्ज, डरहॅम, ब्रिस्टल अशा ठिकाणी एलनॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ४२ ऑब्जेक्टिव्ह प्रश्न आणि एक निबंध, कायद्याचं काही विचारत नाहीत, उतारा वाचून लेखक नक्की काय म्हणतोय आणि काय म्हणत नाहीये एवढंच बघतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा फॉर्म १५ ऑक्टोबरला बंद, म्हणजे बारावीच्या दिवाळीआधी. स्कॉटलंडला जायचं म्हणत असाल तर तिथला कायदा वेगळा आणि ऑनर्स कोर्स चार वर्षांचा, एडिनबरा सुंदर आहे म्हणून लंडनच्या वकिलीसाठी तिकडे जाऊ नका.

पण एलएलबी झाली म्हणजे तिकडे वकील झाली असं नाही. सॉलिसिटर (अशिलाला सल्ला देणारा, कागदपत्रं करणारा वकील) व्हायला २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे, पहिल्या भागात ३६० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाची परीक्षा, फी दोन्हीची मिळून पाच हजार पाऊंडांच्या घरात, शिवाय दोन वर्षांचं मान्य काम. बॅरिस्टर (मुख्यतः कोर्टात बाजू मांडणारा) व्हायचं तर बार कोर्स, बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्थांपैकी, म्हणजे इन्सपैकी, एकाची मेंबरशिप आणि वर्षभराची प्युपिलेज, म्हणजे सीनियरच्या हाताखाली उमेदवारी, जी मिळता मिळत नाही. जुन्या मराठी घरांत अजून बॅरिस्टर म्हटलं की डोळे मोठे होतात, पण बाबासाहेबांनी १९१६ ला ग्रेज इनमध्ये नाव घातलं ते एल्फिन्स्टनची बीए आणि कोलंबियाचं शिक्षण झाल्यावर, बारावी पास होऊन नव्हे. शिकून झाल्यावर राहायला ग्रॅज्युएट रूट व्हिसा मिळतो, तो दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स-मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच. तेवढ्यात स्पॉन्सर करणारी फर्म शोधायची, आणि मोठ्या फर्म्स दुसऱ्या वर्षापासूनच पोरं हेरायला लागतात, त्यामुळे पहिलं वर्ष रुळण्यात गेलं की गाडी चुकतेच.

आणि एसक्यूईची एक गंमत जी फार कमी लोकांना माहितीये: त्याला इंग्लिश एलएलबीच लागते असं अजिबात नाही. आपली पाच वर्षांची डिग्री घेऊन पण बसता येतं, पहिला भाग तर भारतातल्या सेंटरवर देता येतो, आणि इथे सनद घेऊन प्रॅक्टिस केलेल्यांना दुसऱ्या भागात सूट मागता येते. म्हणजे ज्या दारासाठी कोटभर रुपये मोजून अठराव्या वर्षी रांगेत उभं राहायचं, ते दार तेविसाव्या वर्षी पण उघडंच आहे.

आयर्लंडबद्दल फार नाही सांगत. इंग्लिश भाषा, कॉमन लॉ (जुन्या निकालांवर चालणारी इंग्लंडसारखी पद्धत), आणि ब्रेक्झिटनंतर युरोपियन युनियनमध्ये राहिलेला असा मोठा देश तोच एक, हा त्याचा खरा फायदा. ट्रिनिटीची एलएलबी चार वर्षांची, सॉलिसिटरला एफई-वन या प्रवेश परीक्षेचे आठ पेपर, बॅरिस्टरला किंग्ज इन्स या संस्थेतला कोर्स, बॅचलर्सनंतर राहायला एक वर्ष मिळतं. डब्लिनमधली घरभाडी ऐकून बसलेल्या जागी घाम फुटतो.

नेदरलँड्सवर जरा थांबूया कारण सध्या सगळ्यात जास्त विचारणा तिथली आहे. मास्ट्रिख्टचा युरोपियन लॉ स्कूल, ग्रोनिंगनचं इंटरनॅशनल अँड युरोपियन लॉ, टिलबर्गचं ग्लोबल लॉ, सगळं इंग्लिशमध्ये, तीन वर्षं, फी इंग्लंडच्या निम्मी-पाऊण. मास्ट्रिख्टला लेक्चर हॉलपेक्षा छोटा ग्रुप महत्त्वाचा, दहा-पंधरा जण टेबलाभोवती, समोर एक प्रॉब्लेम, समजा जर्मन कंपनीने बेल्जियममध्ये विकलेलं मशीन फ्रान्समध्ये बिघडलं, आता कोणता कायदा लागणार. एक पोरगं चर्चा चालवतं, एक फळ्यावर लिहितं, प्रश्न तुम्हीच काढायचे आणि पुढच्या वेळी उत्तरं वाचून यायची, ट्यूटर मधे फारसं बोलतच नाही. आपल्याकडची हुशार पण गप्प बसणारी मुलं इथे पहिले दोन महिने अक्षरशः गुदमरतात, मग एकदम सुटतात. वादविवाद स्पर्धा गाजवणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात घरी आल्यासारखं वाटतं.

अडचण पुढे आहे. डच कोर्टात उभं राहायला डच कायद्याची ठराविक डिग्री लागते आणि ती मुळात डच भाषेत, इंग्लिश एलएलबीने ती आपोआप मिळत नाही. म्हणजे तीन वर्षं लॉ शिकून तुम्ही त्या देशात वकील नाही, जर्मनीत नाही, इंग्लंडमध्ये परीक्षा दिल्याशिवाय नाही, भारतात तर वर सांगितलंच. मग ही डिग्री कशासाठी? कंप्लायन्स, डेटा प्रायव्हसी, कॉम्पिटिशन लॉ, ब्रसेल्समधल्या संस्था, एनजीओ, कंपन्यांची लीगल टीम अशा कामांसाठी, आणि ती कामं चांगली असतात, फक्त नातेवाइकांना समजावताना वकील आहे की नाही याचं सरळ उत्तर देता येत नाही. दुसरं, पहिल्या वर्षात ६० पैकी साधारण ४०-४५ क्रेडिट मिळवली नाहीत तर त्या कोर्समधून बाहेर काढतात, आणि बाहेरच्या देशातल्या पोरांनी दरवर्षी निम्मी तरी क्रेडिट मिळवली नाहीत तर युनिव्हर्सिटी इमिग्रेशनला कळवते. आपल्याकडे एटीकेटीवर निवांत पुढे जातात तसं तिथे नाही. खोली मिळणं हा वेगळाच छळ, ऑगस्टमध्ये शोधायला लागलात तर हॉस्टेलच्या बंकबेडवर सप्टेंबर.

हेगचं आकर्षण असतं, इंटरनॅशनल कोर्ट तिथे आहे म्हणून. पण एक बघा, कुलभूषण जाधवांची केस तिथे भारतातर्फे लढवली ती हरीश साळव्यांनी, त्यांचं लॉ नागपूर युनिव्हर्सिटीचं. २०१९ च्या जुलैमध्ये निकाल आला १५ विरुद्ध १, आणि २०२० मध्ये साळवे इंग्लंडचे क्वीन्स काउन्सेल (तिथल्या ज्येष्ठ वकिलांना मिळणारा मान) झाले. हेगला पोचायला हेगजवळ शिकलंच पाहिजे असं नाही.

जर्मनी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड. सरकारी युनिव्हर्सिटीत फी जवळपास नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे हायडलबर्ग, फ्रायबर्ग, ट्युबिंगेनला, युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो), पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. वकील, जज व्हायचा रस्ता पूर्ण जर्मनमधून, प्रवेशालाच भाषा साधारण सी-वन लेव्हलची हवी, आणि नुसत्या बारावीवर सहसा थेट घेत नाहीत, आधी स्टुडिएनकोलेग, म्हणजे युनिव्हर्सिटीआधीचा तयारीचा कोर्स. मग साडेचार-पाच वर्षांनी पहिली सरकारी परीक्षा, त्यानंतर दोन वर्षं कोर्टात, सरकारी वकिलाकडे, फर्ममध्ये ट्रेनिंग (याचे पैसे मिळतात), मग दुसरी. पेपर एकेक पाच तासांचा. उत्तर लिहायची पण ठरलेली रीत आहे, जर्मन दिवाणी संहिता धरून 'विक्रेत्याचा खरेदीदाराकडे कलम ४३३ उपकलम २ खाली किमतीचा दावा असू शकतो' इथून सुरुवात, मग करार झाला का, प्रस्ताव होता का, स्वीकार होता का, एकेक पायरी, निष्कर्ष सगळ्यात शेवटी. आधी उत्तर सांगून मोकळं व्हायची सोय नाही. मार्क १८ पैकी आणि ९ पडले तरी लोक पेढे वाटतात. ठराविक प्रयत्नांत पास नाही झालं तर कायमचं बाहेर, आणि या भीतीपोटी तिथली मुलं युनिव्हर्सिटी सोडून आल्पमान श्मिटसारख्या खासगी क्लासला वर्ष-वर्ष जातात. क्लासचा धंदा फक्त कोटा-लातूरला चालतो असं वाटणाऱ्यांनी हे ऐकावं. शाळेपासून मॅक्सम्युलर भवनला जाणारी, जर्मनमध्ये भांडू शकणारी आणि तिकडेच स्थायिक व्हायचं ठरवलेली मुलगी असेल तर माझ्या मते युरोपातला सगळ्यात भक्कम रस्ता हाच. बाकीच्यांनी नको.

पैशाचा अंदाज: इंग्लंडची फी वर्षाला २० ते ३० हजार पाऊंड आणि वर, त्यात राहणं-खाणं, वर्षाला ७७६ पाऊंड हेल्थ सरचार्ज, म्हणजे तीन वर्षांचे कोटीच्या पुढेच. ट्रिनिटी चार वर्षांमुळे तितकंच किंवा जास्त. नेदरलँड्स ७५-८५ लाख. आणि आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीला आहे, बारावीनंतरच्या डिग्रीला नाही, हे ऐन वेळी कळून हिरमुसलेली घरं मी बघितलीयेत.

म्हणून माझं मत सरळ आहे. तिकडेच राहायचं पक्कं असेल आणि पैसा घरचा असेल, गहाण ठेवून काढलेला नव्हे, तर इंग्लंड. युरोपच्या संस्थांमध्ये काम करायचंय आणि कोर्टाची हौस नाही, तर मास्ट्रिख्ट किंवा ग्रोनिंगन. नक्की माहीत नाही अशी अवस्था असेल, आणि अठराव्या वर्षी बहुतेकांची तीच असते, तर सीईटी किंवा क्लॅट देऊन आयएलएस, मुंबईचं जीएलसी (गव्हर्नमेंट लॉ कॉलेज), मुंबई-नागपूर-संभाजीनगरच्या एमएनएलयू (राष्ट्रीय विधी विद्यापीठं), जे मिळेल ते पाच वर्षं, आणि मग लायडन किंवा लंडनला एका वर्षाचं एलएलएम, म्हणजे लॉमधली मास्टर्स. सनद हातात, खर्च एका वर्षाचा, आणि निकषांत बसत असाल तर शिष्यवृत्तीलाही अर्ज करता येतो.

ज्यांची ऑफर आलेलीच आहे त्यांनी डिपॉझिट भरायच्या आधी एक काम करा. युनिव्हर्सिटीचं आणि कोर्सचं अचूक नाव घालून बार कौन्सिलला लेखी विचारा की ही डिग्री मान्य आहे का आणि परत आल्यावर काय काय करावं लागेल. फोनवर नाही, ईमेलने, आणि आलेलं उत्तर प्रिंट काढून फाइलला लावून ठेवा. उत्तर यायला वेळ लागतो, त्यामुळे डिपॉझिटची तारीख जवळ असेल तर युनिव्हर्सिटीकडे मुदत मागा, बऱ्याचदा देतात.