केंटेची पट्टी घेताना आधी उलटी बाजू पाहा

केंटे म्हणजे अरुंद विणलेल्या पट्ट्या जोडून केलेलं घानाचं नक्षीदार कापड. तिथल्या बोनविरे गावच्या असांते समाजातल्या विणकरांनी हातमागावर विणलेली केंटे पट्टी घेण्यासारखीच आहे. पण त्याच नावाखाली छापील कापडही सर्रास खपतं, म्हणून पट्टी हातात आली की आधी उलटी करावी. छापील कापडाचा रंग बहुधा मागे फिकट पडतो. विणलेल्या केंटेत रंग धाग्यातच असतो आणि बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा दोन्ही काठांवरून वळून परत आलेला दिसतो.

पट्टीची रुंदी जेमतेम 10 सेंटीमीटर. ताणा, म्हणजे उभे धागे, मागाच्या पुढे लांबवर पसरून दगडाच्या वजनाने ताठ ठेवतात आणि विणकर पायाच्या बोटांत दोऱ्या धरून धागे उचलतो. हे धागे उचलणाऱ्या चौकटींच्या दोन जोड्या असतात: साध्या विणीसाठी ‘असातिआ’ नावाची, नक्षीसाठी ‘असानान’. ही दुसरी जोडी ताण्याचे धागे गटागटाने उचलते, त्यामुळे नक्षीच्या चौकोनात बाणा ताण्याला पुरता झाकून टाकतो आणि कापड तिथे जाड लागतं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी नक्षी कुठे सुरू झाली ते कळायला हवं. चौकोनातून ताण्याचे रंग डोकावत असतील, तर बाणा सैल ठोकलेला आहे.

पुरुषाने पांघरायच्या कापडाला साधारण 24 पट्ट्या काठाला काठ लावून शिवतात, आणि खरा कस लागतो तो इथे. प्रत्येक चौकोन 2 मिलिमीटरने मोठा झाला, तर 20 चौकोनांनंतर शेजारच्या पट्टीशी 4 सेंटीमीटरची तफावत पडते. मग शिवणारा पट्टी ओढून जुळवतो, शिवणीला चुण्या येतात आणि कापड खांद्यावरून नीट पडत नाही. म्हणून कापड सपाट पसरूनच पाहावं. चौकोनाचा किरकोळ कमीजास्तपणा मात्र हाताचाच असतो, तो दोष नव्हे.

ताण सारखा ठेवण्याची ही मेहनत केसांच्या वेणीतही तीच. वस्त्रकलाकार सोन्या क्लार्क यांनी ‘हेअर क्राफ्ट प्रोजेक्ट’मध्ये केशरचनाकारांकडून कॅनव्हासवर रेशमी धाग्यांच्या वेण्या घालून घेतल्या, ते पाहताना हे नातं फार सुंदर उलगडतं.

केंटेत पूर्वी रेशीम असे, आता रेयॉन आणि सूतही वापरतात. रेयॉन ओला झाला की कमजोर होतो, तेव्हा पिळू नये. धुण्याआधी ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर दाबून बघावा. रंग उतरला तर ड्रायक्लीनच करावं.