जिआंट-४: बंकरच्या भिंतीसाठी वापरताना

पुण्यातल्या एका रुग्णालयात मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. एमएस्सीच्या मुलांचे प्रोजेक्टही माझ्याकडे असतात. न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या डोसची गणितं आम्ही जिआंट-४ वर करतो; कण पदार्थातून कसे जातात याची ते संगणकावर नक्कल करतं. बंकर म्हणजे किरणोपचाराच्या यंत्राभोवतीची जाड भिंतींची खोली. १९९८ साली सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून पहिल्यांदा बाहेर पडलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सोर्स कोडही उघडा आहे. कोथरूडच्या रूमवर राहणारा मुलगासुद्धा आज रात्री ते उतरवून घेऊ शकतो. सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र यायलाच हवी.

"मॅडम, एरर अर्ध्या टक्क्यावर आला. लिहून टाकू?" हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. माझं उत्तर ठरलेलं: अरे, तो एरर फक्त मोजणीचा. नकलेत कण चौपट सोडले की तो निम्मा होतो, लॅपटॉप रात्रभर चालला की झालं. कण ज्या भिंतीवर सोडले ती भिंत खरी होती का, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

आणि पुण्यात भिंतीचाच प्रश्न मोठा. १० एमव्हीच्या (मेगाव्होल्ट) वरचा लिनॅक, म्हणजे कॅन्सरच्या उपचारासाठी एक्स-रे देणारं यंत्र, चालला की फोटोन्यूट्रॉन (एक्स-रेमुळे सुटणारे न्यूट्रॉन) तयार होतात आणि मेझमधून, म्हणजे खोलीच्या वळणदार वाटेतून, दरवाजापर्यंत येतात. जिआंटमधलं तयार काँक्रीट घेतलं तर घनता २.३ ग्रॅम प्रति घन सेंमी, हायड्रोजन १ टक्का, लोह १.४ टक्के. आपली खडी काळ्या बेसाल्टची, लोह त्याहून कितीतरी जास्त. लोहाने थर्मल (मंदावलेला) न्यूट्रॉन गिळला की ७.६ एमईव्हीच्या (एमईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) आसपासचे जोरदार गॅमा किरणही सुटतात. शिवाय काँक्रीटमधलं पाणी वर्षांनुवर्षं वाळत जातं, म्हणजे न्यूट्रॉनला मंदावणारा हायड्रोजन घटतो. न्यूट्रॉनचा वेटिंग फॅक्टर, म्हणजे तो शरीराला किती घातक हे सांगणारा गुणक, ऊर्जेप्रमाणे २.५ पासून १ एमईव्हीच्या आसपास २० पर्यंत चढतो, त्यामुळे स्पेक्ट्रम (न्यूट्रॉनच्या ऊर्जांची वाटणी) सरकला की डोसही सरकतो. मी विद्यार्थ्यांना हायड्रोजन कमी-जास्त करून तीन-चारदा चालवायला लावते. त्या उत्तरांमधली तफावत हीच खरी अनिश्चितता, आणि ती रिपोर्टात लिहायलाच हवी.

फिजिक्स लिस्टबद्दलही, म्हणजे कणांच्या टकरी कुठल्या नियमांनी मोजायच्या त्या यादीबद्दलही सांगते. एचपीवाली (हाय प्रिसिजन, जास्त अचूक) लिस्ट न्यूट्रॉनसाठी २० एमईव्हीखाली मोजलेल्या-तपासलेल्या डेटावर चालते, वर मॉडेल सुरू होतात. प्रोटॉन थेरपीत ऊतींमधून उडणारे दुय्यम न्यूट्रॉन बरेचदा त्या वरच्या भागात असतात. तिथे बायनरी आणि बर्टिनी ही दोन्ही मॉडेलं चालवून पाहा, एकावर भरवसा ठेवू नका. पॉलिथीनचा दरवाजा किंवा बॉनर स्फिअर (न्यूट्रॉन मोजायचा पॉलिथीनचा गोळा) असेल तर ४ ईव्हीखालचं थर्मल स्कॅटरिंग, म्हणजे मंद न्यूट्रॉनचं रेणूंवर आपटून विखुरणं, आपण सांगून जोडावं लागतं. हे ट्युटोरियलमध्ये ठळक अक्षरांत हवं होतं.

प्रोटॉनच्या पल्ल्याबाबत मी जास्त समाधानी आहे. १५० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात साधारण १५.८ सेंमी जातो. किरणांच्या मोजमापाची मानकं सुचवणाऱ्या आयसीआरयू या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या ९० व्या अहवालाने पाण्याची सरासरी उत्तेजन ऊर्जा (प्रोटॉन किती लवकर थांबतो ते ठरवणारा आकडा) ७५ वरून ७८ ईव्ही केली, त्याने हा पल्ला जेमतेम मिलिमीटरभर बदलतो. पण तो बदल ट्यूमरच्या कडेला, मेंदूच्या देठाशेजारी आला तर? म्हणून इथेही कुठला आकडा धरला ते नोंदवलंच पाहिजे.

जिआंट-४ ला माझे पाचपैकी साडेचार गुण. खोली बांधून झाली असेल तर आधी कॉन्ट्रॅक्टरकडून काँक्रीटचं मिक्स डिझाइन (त्यात काय किती घातलं ते) मागून घ्या, मगच इनपुट फाइल उघडा.