पैशांचा हिशेब: पूर्णांक की डेसिमल?

पायथॉनमध्ये हिशेबाचा छोटा प्रोग्राम लिहायचाय आणि रक्कम कशात ठेवावी यावर अडलाय? फ्लोटवर (दशांश संख्यांच्या नेहमीच्या प्रकारावर) वेळ घालवत नाही, ०.१ + ०.२ चं उत्तर नेमकं ०.३ न येण्याचा घोळ तुम्हाला ठाऊक असेलच. खरी निवड दोघांतली: रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात मोजून पूर्णांक ठेवायची, की डेसिमल (दशांश अंक जसेच्या तसे जपणारा पायथॉनमधला प्रकार) वापरायचं.

पूर्णांकाची बाजू भक्कम आहे. १०० रुपयांचे तीन वाटे करायचे तर १०,००० पैशांना ३ ने भागा: ३,३३३ आणि बाकी १. ती बाकी समोर दिसते, कुणाला द्यायची ते आपण ठरवतो. डेसिमलमध्ये ३३.३३ वर आणल्यावर हरवलेलं ०.०१ आठवणीने शोधावं लागतं.

माझं बिनसलं ते इनपुटपाशी. माणूस टाइप करतो १९.९९, आपल्याला हवेत १९९९. मी फ्लोट करून १०० ने गुणलं, इंट केलं (पूर्णांकात बदललं), तर हाती आले १९९८! गुणाकार १९९९ च्या किंचित खाली येतो आणि इंट अपूर्णांक छाटतो. चाचणीला मी कायम १२.५० टाकायचो, ते बरोबर यायचं, म्हणून चूक सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. इंटऐवजी राउंड (जवळचा पूर्णांक देणारा) लावला तर १९.९९९ ही चुकीची नोंद निमूट २००० होते. मजकूर बिंदूवर तोडून डाव्या भागाच्या १०० पटीत उजवा भाग मिळवला तर ५.५ चे ५५० ऐवजी ५०५ होतात. प्रत्येक वाटेवर काहीतरी निसटतंच.

डेसिमलला टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा देता येतो. मध्ये फ्लोट मात्र आणू नका. रक्कम कीबोर्डवरून येणार असेल तर मी तरी इथूनच सुरुवात करेन. नुसत्या वाटण्याच करायच्या असतील, तर पूर्णांक घ्यायला हरकत नाही. फक्त येनला दशांश नसतात आणि कुवैती दिनारला तीन असतात, तेव्हा तो १०० जागोजागी पेरू नका.

डेसिमलची एक खोड आधीच सांगतो. चुकीच्या मजकुराला ते व्हॅल्यूएरर ही त्रुटी देत नाही, इनव्हॅलिडऑपरेशन ही वेगळी त्रुटी देतं. एक्सेप्टमध्ये (त्रुटी पकडणाऱ्या भागात) नुसता व्हॅल्यूएरर लिहिला असेल तर प्रोग्राम कोसळतो. पण कुणी 'नॅन' (म्हणजे 'संख्या नाही') ही तीन इंग्रजी अक्षरं टाकली, तर फ्लोट ती घेतो आणि 'शून्यापेक्षा कमी?' ला 'नाही' म्हणून पुढे सोडतो. डेसिमल त्या तुलनेलाच त्रुटी देतं. म्हणून ती तुलनाही ट्रायच्या (ज्या भागातल्या त्रुटी एक्सेप्ट पकडतो त्याच्या) आतच लिहा.