माउंट रॉयल: पील स्ट्रीटच्या पायऱ्या की ओल्मस्टेडचा रस्ता?

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये माउंट रॉयल टेकडीवरचा पार्क पाहायला तुमच्या हाताशी तासभरच असेल, तर फार विचार करू नका, पील स्ट्रीटच्या वरच्या टोकाला जाऊन पायऱ्या धरा. माझ्या चालीने अर्ध्या तासात वरच्या शॅले नावाच्या इमारतीसमोरचा कोंडियारोंक कट्टा येतो, शहर बघायची जागा. समोर डाउनटाउनच्या इमारती, त्यांच्यामागे सेंट लॉरेन्स नदी. पहिल्या दोन्ही खेपांना मी असाच चढलो आणि पार्क पाहून झालं असं समजून खाली आलो.

तिसऱ्या खेपेला, ऑक्टोबरात, आई बरोबर होती. तिला दम लागला नाही, रोजची चालणारी आहे ती. त्रास झाला तो वाट देण्याचा. या जिन्यावर व्यायामाला येणारे पुष्कळ. पळत वर, पळत खाली, पुन्हा वर. मागून पावलं वाजली की आई कठड्याला चिकटून उभी राहायची. तो गेला की चार पायऱ्या चढायच्या, तोवर दुसरा हजर. बोलणं दर वेळी मध्येच तुटायचं, नजर सतत पायाखाली. वर पोचल्यावर तिने विचारलं, "वाटेत झाडं कुठली होती रे?" मला सांगता येईना.

उतरताना ओल्मस्टेडचा रस्ता धरला. 1876 साली खुल्या झालेल्या या पार्कची आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडची, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या दोघांपैकी एक. घोडागाड्या सहज चढाव्यात म्हणून त्याने रस्ता वळणं घेत, हलक्या चढाने वर नेला. दीडशे वर्षांनी त्याचा फायदा आपल्या गुडघ्यांना होतो. दोघांना शेजारी चालता येतं, थांबलं तरी कुणाची अडचण होत नाही. आईने मेपलचं एक पान उचललं, कडेला लालभडक आणि देठाशी अजून हिरवं. ते बघत आम्ही बराच वेळ उभे होतो.

रस्त्याच्याही तक्रारी आहेत. टेकडीच्या पायथ्याशी, जिथून हा रस्ता सुरू होतो त्या कार्तिये स्मारकापासून चढलात तर पायऱ्यांपेक्षा पाऊण तास तरी जास्त धरा. उतारावर सायकली वेगाने येतात, बर्फ वितळायच्या दिवसांत चिखल असतो, आणि शहर बराच वेळ झाडांआडच राहतं. फक्त देखावा हवा असेल त्याला कदाचित कंटाळा येईल. चालणंच नको असेल तर मॉन्ट-रॉयल मेट्रोपासून 11 नंबरची बस आहे.

मी आता रस्त्यानेच चढतो; उशीर झाला असेल तर उतरायला तेवढ्या पायऱ्या. आई पुन्हा येईल तेव्हा सुरुवात स्मारकापासूनच.