थॉनी: पायथन शिकणाऱ्याच्या पहिल्या शंकांसाठी

‘प्रोग्रॅममध्ये वय विचारलं, त्यात १ मिळवला, तर टाइपएरर (माहितीचा प्रकार न जुळल्याची चूक) का?’ नवशिक्यांचा हा ठरलेला प्रश्न. थॉनी या पायथन कोड लिहिण्याच्या मोफत एडिटरमध्ये त्याचं उत्तर डोळ्यांना दिसतं. फाइल सेव्ह करून कंट्रोल-एफ५ दाबा, मग एफ७ने एकेक पाऊल पुढे जा. इनपुटची किंमत २५ अशी नाही, तर अवतरणचिन्हांत ‘२५’ अशी येते. म्हणजे ती स्ट्रिंग, अर्थात मजकूर आहे, आकडा नव्हे. तिला इंटमध्ये (पूर्णांक करणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळलं की काम झालं. व्ह्यू मेन्यूतून व्हेरिएबल्सची (किमती साठवणाऱ्या नावांची) चौकट उघडी ठेवा, निम्म्या शंका तिथेच फिटतात.

एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेल्या थॉनीसोबत पायथन आपोआप येतं, पाथची (पायथन कुठे आहे हे संगणकाला सांगायची) कटकट नाही. पण गोची इथेच होते. टर्मिनलमधून पिप या साधनाने टाकलेलं पॅकेज (तयार कोडचा संच) थॉनीला सापडत नाही, कारण त्याचं पायथन वेगळं. पॅकेज टूल्समधल्या ‘मॅनेज पॅकेजेस’मधूनच टाका. आणि स्वतःच्या फाइलला रँडम डॉट पाय असं नाव देऊ नका. इम्पोर्ट करताना, म्हणजे तयार कोड आत घेताना, पायथनच्या मूळ रँडम मॉड्यूलऐवजी तीच उचलली जाते. ही खोड मात्र पायथनची, थॉनीची नव्हे.

हजारो फेऱ्यांचा लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) डीबगरमध्ये, म्हणजे त्या एकेक पावलाच्या पद्धतीत, रखडतो. तेव्हा प्रोग्रॅम सरळ चालवणारं साधं एफ५ बरं. मोठ्या प्रोजेक्टला थॉनी तोकडंच पडतं.