ट्रकची केबिन म्हंजी घर का? लातूरच्या वकील साहेबांकडं जाऊन आलो, त्याचा रिव्ह्यू

फी हजार रुपये, वेळ अर्धा तास म्हणतात, पण आधी बाहेर बाकड्यावर तासभर बसवतात आणि पार्किंगचं तर नावच काढू नका, ऑफिस गंजगोलाईच्या गर्दीच्या बाजारपेठेजवळ आहे एवढ्यावरून काय ते समजून घ्या. तेवढं सोडलं तर पैसे वसूल.

आमच्या दोन आयशर ट्रक आहेत, मोंढ्यातून सोयाबीन भरतो, रात्री ढाब्यावर गाडी लावून ड्रायव्हर केबिनमध्येच झोपतो. डिझेलचोर आणि ताडपत्री फाडणारे हे रोजचंच. त्यात पोरं मोबाईलवर अमेरिकेचे व्हिडिओ बघतात, तिकडं टेक्सासात २००७ पासून कायद्यात घरासोबत गाडी पण लिहिलीय, जबरदस्तीनं आत घुसणाऱ्याला गोळी घातली तरी बहुतेक वेळा मालक सुटतो. आमचा ड्रायव्हर म्हणला, "मालक, मी बी टामी (चाक खोलायची लोखंडी सळई) उशाला घेऊन झोपतो, केबिन म्हंजी माझं घरच की." म्हणून त्याला घेऊनच गेलो.

साहेबांनी भारतीय न्याय संहितेचं, म्हंजी जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, पुस्तक उघडून घरात घुसण्याच्या गुन्ह्याचं कलम ३२९ त्यालाच मोठ्यानं वाचायला लावलं. माणसं राहतात ती इमारत, तंबू, जहाज. "गाडी दिसली का कुठं?" नाही दिसली. म्हणजे उसाच्या फडावरची कोपी (ऊसतोडीवाल्यांची झोपडी) घर म्हणून बसेल, आमची केबिन नाही. गंमत म्हणजे चोरीच्या ३०५ कलमात मालवाहतुकीची गाडी नव्यानं घातलीय, तिच्यातला माल चोरला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा, पण ती कोर्टानं द्यायची, आपण टामीनं नाही.

मग खरा मुद्दा सांगितला आणि इथंच हजार रुपये फिटले. आपल्याकडं जीव वाचवायचा हक्क घरात, गाडीत, रस्त्यावर सगळीकडं सारखाच. समोरचा मारून टाकंल किंवा जबर जखमी करंल अशी रास्त भीती असली तर कलम ३८ प्रमाणं त्याचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही, आणि पळून जायला पाहिजे होतं असंही कोर्ट म्हणत नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१० चा दर्शनसिंग निकाल आहे. घराचा फरक पडतो तो रात्रीच्या घरफोडीत, तिथं कलम ४१ प्रमाणं हा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. नुसती डिझेलचोरी असंल तर अडवा, धरा, गरजेपुरतं हाणा, जीव घ्यायचा नाही. आणि चोर कॅन टाकून पळाला, डिझेल परत मिळालं, की हक्क संपला. मागं धावून डोकं फोडलं तर आरोपी आपण.

ड्रायव्हरचं तोंड उतरलं. "मंग काय करायलाव आम्ही, बघत बसावं का?" साहेब चिडले नाहीत, त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावलं, हे मला लई आवडलं. टामी गाडीच्या सामानात ठेवा म्हणले, हातात घेऊन फिरू नका, सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली कलेक्टरचा हत्यारबंदीचा आदेश असतो, तेव्हा साधी काठी बाळगली तरी केस होती. पेपर स्प्रेचं विचारलं तर कर्नाटक हायकोर्टानं २०२४ मध्ये त्याला पण घातक हत्यार म्हणल्याचं सांगितलं. स्वसंरक्षण होतं हे कोर्टात आपल्यालाच दाखवावं लागतं, म्हणून कॅमेरा लावा आणि आधी ११२ ला फोन करा.

लेखी पाहिजे असंल तर वेगळे पैसे घेतात. ज्यांच्या गाड्या रात्री बाहेर असतात त्यांनी जाच, पण ड्रायव्हरला घेऊनच, मालकानं घरी येऊन सांगितलेलं ते ऐकत नाहीत.